दर पावसाळ्यात परतणारा ‘सायनस’: कोणत्या क्रमाने तपासावे आणि कुठे थांबावे

नाक चोंदलेले असते, पण शिंकरले तर फारसे काही निघत नाही. सकाळी उठल्यावर भुवयांच्या वर किंवा गालांत जडपणा असतो आणि बादली उचलायला किंवा देवापुढे नमस्कार करायला वाकले की तोच जडपणा ठणकू लागतो. घशात मागच्या बाजूने कफ उतरत राहतो, म्हणून रात्री आडवे होताच खोकला येतो. फोडणीचा वास नेहमीसारखा येत नाही. वरच्या दाढा दुखतात. आठ-दहा दिवसांत सारे ओसरते आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा सुरू होते. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असतील आणि त्यांत नाक चोंदणे किंवा घट्ट स्राव यांपैकी एक तरी असेल, तर पुढचा मजकूर उपयोगी पडेल.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात मी सव्वीस वर्षे परिचारिका होते आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. जून ते सप्टेंबर आणि पुन्हा दिवाळीनंतर बाह्यरुग्ण विभागात हीच तक्रार घेऊन रांग लागत असे. घरी नवरा, धाकटी जाऊ आणि भाचा या तिघांनाही तोच त्रास. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणे आणि औषध ठरवणे हे माझे काम नाही. पण डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी काय, कोणत्या क्रमाने आणि का तपासावे, हे मी इतक्यांना सांगितले आहे की ते एकदा नीट लिहून ठेवणे योग्य वाटले.

आधी हे पाहा

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, कपाळावर मऊ फुगवटा, मान आखडून असह्य डोकेदुखी, १०२ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, गुंगी किंवा बोलण्यात असंबद्धता, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळा आणि मेंदू यांना या पोकळ्यांपासून वेगळे करणारे हाड काही ठिकाणी कागदासारखे पातळ असते. संसर्ग ते ओलांडून गेला तर हातात दिवस नव्हे, तासच उरतात.

मधुमेह असलेल्यांनी आणि स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी अधिक सावध राहावे. गालाला बधिरपणा आला, नाकातून काळपट खपली निघाली किंवा टाळूवर काळा डाग दिसला, तर ती म्युकरमायकोसिसची, म्हणजे ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संसर्गाची, खूण असू शकते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, केंद्र सरकारने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करण्यास सांगितले, तेव्हा महाराष्ट्रातले वॉर्ड अशा रुग्णांनी भरले होते. त्यांतल्या अनेकांनी पहिले चार दिवस ‘सायनस असेल’ म्हणून वाफ घेण्यात घालवले होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

बिघाड नेमका कुठे होतो

सायनस हे आजाराचे नाव नाही. ते नाकालगतच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्यांचे नाव आहे आणि त्या प्रत्येकाला असतात. एक जोडी गालांत, एक कपाळात, एक बारीक कप्प्यांची जोडी दोन डोळ्यांच्या मधे आणि एक नाकाच्या मागे खोल, अशा त्यांच्या चार जोड्या. आजार म्हणजे त्यांच्या अस्तराला आलेली सूज.

गालातली पोकळी समजून घेण्यासाठी चाळीतल्या मोरीची कल्पना करावी, मात्र या मोरीची जाळी जमिनीलगत नसून छताजवळ आहे. पाणी आपोआप वाहून जाऊ शकत नाही, ते कोणीतरी वर ढकलत न्यावे लागते. हे काम अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस करतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि स्रावाचा पातळ थर, त्यात अडकलेल्या धुळीसकट, जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या तोंडापर्यंत नेऊन नाकात सोडतात. नाक आणि या पोकळ्या मिळून दिवसाला साधारण लिटरभर स्राव तयार करतात आणि आपण तो नकळत गिळत असतो. म्हणजे स्राव असणे हा बिघाड नाही. सर्दीने, ॲलर्जीने किंवा धुराने ते अरुंद तोंड सुजून बंद झाले, किंवा स्राव इतका घट्ट झाला की केसांना तो हलवता येईना, की तुंबते. खालच्या सगळ्या तपासण्या या एका वाटेसाठीच आहेत. नाक ‘सुकवण्याचे’ उपाय बहुधा उलटतात ते यामुळेच.

पहिली तपासणी: हा खरोखर सायनस आहे का?

यासाठी एक वही पुरते. तारीख, दुखण्याची जागा, नाक चोंदले होते की नाही, स्राव कसा होता आणि त्या दिवशी काय वेगळे घडले, एवढे सहा-आठ आठवडे लिहावे. बाह्यरुग्ण विभागात मी ही वही अनेकांना सुरू करायला लावली, आणि कितीतरी जणांच्या वहीत डोकेदुखीच्या दिवशी नाक मोकळेच असल्याचे दिसले. दुखणे ठसठसणारे असेल, उजेड किंवा आवाज नकोसा होत असेल, मळमळत असेल, पाळीच्या दिवसांशी, उपवासाशी किंवा जागरणाशी ते जुळत असेल, तर अर्धशिशीचा विचार करायला हवा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सायनसची डोकेदुखी असल्याचे सांगणाऱ्या २,९९१ जणांना तपासले, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्के लोकांचे दुखणे अर्धशिशीच्या प्रकारचे निघाले. अर्धशिशीतही नाक गळते, डोळ्यांतून पाणी येते, म्हणून ही फसगत होते, आणि माणूस वर्षानुवर्षे चुकीचे औषध घेत राहतो.

आलटून पालटून एक नाकपुडी थोडी बंद वाटणे हे निरोगी नाकातही दर काही तासांनी घडते. त्याला उपचार नको.

वहीतले दिवस मोजणेही महत्त्वाचे आहे. विषाणूमुळे आलेली साधी सर्दी सात ते दहा दिवसांत उतरणीला लागते आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही. दहा दिवस उलटूनही काहीच फरक नसेल, किंवा बरे वाटू लागल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ताप व दुखणे वाढले असेल, तर जिवाणूंचा संसर्ग संभवतो आणि तेव्हा डॉक्टरांकडे जावे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून तसे ठरवता येत नाही, कारण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या सर्दीतही दिसतो. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेणे पूर्णपणे थांबवावे.

दुसरी तपासणी: नाकात काय घालता?

उशाजवळ नाकात घालायच्या थेंबांची बाटली आहे का, ते पाहावे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब पाच मिनिटांत नाक मोकळे करतात, कारण ते सुजलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. मात्र तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरले, तर परिणाम ओसरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजते, मग पुन्हा थेंब घालावे लागतात आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालते. माझ्या नवऱ्याला दोन वर्षे ‘सायनस’ होता. बाटली बंद केल्यावर पहिला आठवडा तो तोंडाने श्वास घेत, बसून झोपला. तिसऱ्या आठवड्यात नाक आपसूक मोकळे झाले. बरेच महिने वापर झाला असेल तर डॉक्टर मधल्या काळासाठी दुसरा फवारा देतात, त्यामुळे हे सोडणे सुसह्य होते. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर हे थेंब विचारल्याशिवाय सुरूच करू नयेत.

तंबाखूची मशेरी लावणे, तपकीर ओढणे आणि विडी-सिगारेट यांनी अस्तरावरचे केस मंदावतात किंवा गळतात. बाकी सगळे केले आणि हे चालू ठेवले तर उपयोग होत नाही.

तिसरी तपासणी: घर

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कपडे घरातच, पंख्याखाली वाळतात. धाकट्या जावेच्या खोलीत गच्चीला लागून असलेल्या भिंतीपाशी लोखंडी कपाट होते. दर जुलैमध्ये तिचे नाक चोंदे, आणि ती भिंत कपाटामुळे दिसतच नसे. एका रविवारी दोघींनी कपाट पुढे ओढले, तर मागे खांद्याच्या उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके होते. बोट फिरवले की ते काजळीसारखे लागायचे आणि ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. त्या भिंतीपासून तिची उशी दीड हातावर होती.

बुरशी पुसताना नाका-तोंडावर मास्क असावा, ओल्या फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसून भिंत कोरडी करावी, आणि ज्याला त्रास आहे त्याने हे काम करू नये. मात्र गच्चीची गळती दुरुस्त होईपर्यंत बुरशी परत येणारच, म्हणून सोसायटीकडे लेखी अर्ज करणे हाही या उपचाराचाच भाग आहे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे, एसीची जाळी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवावी आणि ऊन पडेल त्या दिवशी गादी-उशा गॅलरीत टाकाव्यात. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुतले तर धुळीतले सूक्ष्म कीटक कमी होतात. बंद खोलीत धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल एकदम लावू नये. देवघरापुढे तुपाचे निरांजन लावले तर पूजा अपुरी राहत नाही.

दिवाळीनंतरचा त्रास बहुधा बाहेरच्या धुळीचा असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामाच्या धुळीबाबत नियमावली काढली, तरी शेजारी इमारत पाडली जात असेल तर दुपारच्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि केर काढण्याऐवजी ओले पुसावे.

चौथी तपासणी: वाफ आणि पारंपरिक उपाय

वाफेने स्राव सैल होतो आणि बरे वाटते, पण तिने आजार लवकर संपतो असे दिसलेले नाही. म्हणून आरामासाठी घ्यावी, पण जपून. उकळत्या पाण्याचे पातेले पलंगावर किंवा मांडीवर ठेवून, डोक्यावरून चादर घेऊन मुलाला शेजारी बसवणे हे मी आयुष्यभर विनवून थांबवत आले आहे, कारण पातेले कलंडून भाजलेली मुले मी पाहिली आहेत. लहान मुलांना वाफ देऊच नये. गरम पाण्याने अंघोळ करताना न्हाणीघरात साचलेली वाफ पुरते.

निलगिरी तेल किंवा मेंथॉल हुंगल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते. ते नाकातल्या थंडाव्याच्या संवेदनेमुळे वाटते, सूज तेवढीच असते. कापूर लहान मुलांच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, म्हणून बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधू नये. ओव्याची कोमट पुरचुंडी, आले-गवती चहाचा काढा, पुरेसे पाणी, डोक्याखाली एक उशी जास्त, यांत काही अपाय नाही. भ्रामरीसारखे गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारे नायट्रिक ऑक्साइड सुमारे पंधरा पटींनी वाढते, असे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. गुणगुणताना पोकळ्यांतली हवा खेळती होते एवढे त्यातून कळते, पण त्याने आजार बरा होतो असा अर्थ त्यातून काढू नये.

पाचवी तपासणी: मिठाच्या पाण्याने नाक धुणे

जलनेती आपल्याकडे जुनी आहे आणि घरी करता येण्याजोग्या उपायांत मी तिला सर्वांत वरचे स्थान देते, कारण ती घट्ट स्राव, धूळ आणि बुरशीचे कण प्रत्यक्ष वाहून नेते. मात्र ती चुकीची केली तर धोका आहे.

पाणी नळाचे कधीही वापरू नये. महापालिकेचे पाणी पिण्यायोग्य असले तरी ते इमारतीच्या खालच्या आणि वरच्या टाकीत थांबते, आणि पोटात गेलेले जंतू जठरातल्या आम्लात मरतात तसे नाकात होत नाही. निग्लेरिया नावाचा अमिबा नाकातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे दोघांचा मृत्यू झाला. हा आजार दुर्मीळ आहे, पण जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो आणि तो टाळायला गॅसवरची पाच मिनिटे पुरतात. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे आणि त्याच दिवशी वापरावे. घरातल्या फिल्टरचे पाणीही उकळूनच घ्यावे.

अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम, म्हणजे साधारण पाऊण सपाट चहाचा चमचा बारीक मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. औषधाच्या दुकानात मोजलेल्या पुड्याही मिळतात. नवऱ्याने पहिल्या दिवशी मीठ घालायचेच विसरून साधे कोमट पाणी ओतले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत झोंबले म्हणून लोटा ठेवून दिला. साधे पाणी अस्तराच्या पेशींत शिरून त्यांना फुगवते, म्हणून झोंबते. प्रमाण बरोबर असले की काहीच जाणवत नाही.

बेसिनवर पुढे वाकावे, मान एका बाजूला वळवावी, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत लोट्याची तोटी टेकवून पाणी सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून गळते. पाणी आत ओढू नये. दोन्ही बाजू झाल्यावर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, हलके श्वास सोडत पाणी काढावे. जोरात शिंकरले तर स्राव उलटा पोकळ्यांत ढकलला जातो. एरवीही एका वेळी एकच नाकपुडी हळू शिंकरावी. झोपण्याआधी तासभर तरी हे उरकावे, नाहीतर उशीवर पाणी गळते. लोटा धुऊन उपडा वाळवावा.

नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल किंवा नुकतीच नाका-कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर विचारल्याशिवाय करू नये. धुतल्यावर दर वेळी कानात दडे बसत असतील तर थांबावे.

सहावी तपासणी: वरच्या दाढा

त्रास एकाच बाजूला असेल आणि त्या बाजूने घाण वास येत असेल, तर आधी दंतवैद्याकडे जावे. वरच्या दाढांची मुळे गालातल्या पोकळीच्या तळाला भिडलेली असतात. बुरशीची भिंत साफ झाल्यावरही जावेची डावी बाजू सुटेना आणि अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. शेवटी दातांच्या एक्स-रेमध्ये जुने सिमेंट भरलेल्या दाढेच्या मुळाशी पू दिसला. रूट कॅनॉलनंतर महिन्याभरात ते थांबले. दाढ वरून चांगली दिसणे पुरेसे नाही.

यापुढे डॉक्टर

दहा दिवसांत उतार नाही, वर्षातून चार किंवा अधिक वेळा त्रास होतो, बारा आठवड्यांहून अधिक काळ नाक चोंदलेले आहे, वास पूर्ण गेला आहे, एकाच बाजूने रक्त येते, किंवा पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा खारट द्राव टपकतो, तर घरी करण्यासारखे काही उरलेले नाही. फॅमिली डॉक्टरांनी पुढे पाठवले की खाजगी तज्ज्ञ परवडत नसतील तरी अडत नाही. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर, विलेपार्ल्याचे कूपर आणि भायखळ्याचे जे. जे. या सर्व रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. वही आणि घेतलेल्या सर्व औषधांची नावे बरोबर न्यावीत. दमा असेल किंवा ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळीनंतर कधी धाप लागली असेल, तर ते न विचारता सांगावे, कारण दमा, नाकातले मांसल कोंब आणि या गोळ्यांचा त्रास हे तिन्ही एकत्र आढळू शकतात.

बहुतेकांना प्रथम स्टेरॉइडचा नाकातला फवारा दिला जातो. त्याच्या नावाने घाबरू नये, कारण त्यातला फार थोडा अंश शरीरात जातो. मान किंचित पुढे झुकवून, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, फवाऱ्याचे टोक कानाच्या दिशेने ठेवावे. मधल्या पडद्यावर मारल्यास घोळणा फुटतो. नाक धुऊन दहा-पंधरा मिनिटांनी फवारा घ्यावा. पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागू शकतात, आणि ‘उपयोग नाही’ म्हणून चौथ्या दिवशी तो बंद करणारे मी असंख्य पाहिले आहेत.

सीटी स्कॅन सर्दीच्या भरात स्वतःहून काढू नये, कारण साध्या सर्दीतही पोकळ्या भरलेल्या दिसतात. ‘नाकाचे हाड वाढले आहे’ एवढ्यावरूनही शस्त्रक्रिया ठरवू नये. मधला पडदा थोडा वाकडा असणे अगदी सामान्य आहे, आणि तोच वाट अडवतो आहे का, हे दुर्बिणीतून पाहूनच कळते. औषधे नीट घेऊनही वाट उघडत नसेल, तेव्हा दुर्बिणीने ती तोंडे रुंद करतात.

भाच्याला दमा आणि कोंब दोन्ही होते. त्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा तळलेल्या बोंबलाचा वास आला आणि तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. शस्त्रक्रियेने वाट रुंद होते, पण अस्तराची सूज येण्याची प्रवृत्ती जात नाही, हे त्याच्या डॉक्टरांनी आधीच बजावले होते. म्हणून तो आजही रोज रात्री नाक धुतो, फवारा घेतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाट पुढे ओढून मागची भिंत पाहतो.